काफिर ठरविलेला भाष्यकार

कुराणातील युद्धविषयक वचनांचा अर्थ लावून ज्याने आपल्या समाजावरील राजद्रोहाचा आरोप खोडून काढला, त्यालाच त्या समाजातील धर्मपंडितांनी काफिर ठरवावे, हा इतिहासातील एक विलक्षण विरोधाभास होय. सर सय्यद अहमद खान यांच्या चरित्राचा खरा गाभा या विरोधाभासातच आहे.

दिल्लीतील मोगल दरबाराशी निकटचा संबंध असलेल्या घराण्यात १८१७ साली सय्यद अहमद जन्मले. १८३८ साली ते कंपनी सरकारच्या न्यायखात्यात नोकरीस लागले. १८५७ च्या उठावात बिजनौर येथे असताना त्यांनी इंग्रज कुटुंबांचे प्राण वाचविले. परंतु दिल्लीच्या वाताहतीत त्यांच्या वृद्ध मातेचे अतोनात हाल झाले आणि मेरठला आणल्यावर थोड्याच काळात ती वारली. दुसऱ्याच वर्षी त्यांनी उठावाची कारणमीमांसा लिहिली. कायदे करणाऱ्या मंडळात हिंदी माणसाला स्थान नव्हते, हे त्यांनी मुख्य कारण म्हणून पुढे मांडले. राज्यकर्त्यांना असे सुनावणाऱ्या माणसास निव्वळ खुशमस्कऱ्या म्हणता येणार नाही.

१८७१ साली विल्यम हंटर या सनदी अधिकाऱ्याचा हिंदी मुसलमानांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. राणीविरुद्ध बंड करणे हे मुसलमानांचे धर्मकर्तव्य आहे काय, असा प्रश्न त्याच्या शीर्षकातच होता. सरहद्दीवरील वहाबींच्या हालचालींमुळे सरकार आधीच साशंक होते. सय्यद अहमदांनी लगोलग उत्तर दिले. वहाबींची मोहीम मुळात शिखांच्या राज्याविरुद्ध होती, हे त्यांनी निदर्शनास आणले. जेथे मुसलमानाला आपला धर्म निर्वेधपणे पाळता येतो आणि ज्या राज्याच्या अभयाखाली तो राहतो, तेथे त्या राज्याविरुद्ध जिहाद धर्मतःच निषिद्ध आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

हे मत सोयीचे होते, असा आक्षेप तेव्हाही होता आणि आजही घेतला जातो. तथापि १८८० पासून खंडशः प्रसिद्ध होऊ लागलेले त्यांचे कुराणभाष्य पाहिले, म्हणजे हा आक्षेप पुरेसा ठरत नाही. शांततेचा व सहिष्णुतेचा उपदेश करणारी आधीची वचने नंतरच्या युद्धविषयक वचनांनी रद्द झाली, असे अनेक जुन्या भाष्यकारांचे मत होते. सय्यद अहमदांनी हा सिद्धांतच नाकारला. कुराणातील कोणतेही वचन दुसऱ्याने रद्द होत नाही. युद्धाची आज्ञा आक्रमण करणाऱ्यांपुरती व करार मोडणाऱ्यांपुरती आहे. केवळ अश्रद्धेसाठी कोणावर शस्त्र उचलता येत नाही, अशी त्यांची भूमिका होती. ईश्वराची वाणी आणि ईश्वराची कृती असलेला निसर्ग यांत विसंगती असू शकत नाही, या तत्त्वावर त्यांनी चमत्कारांचाही नवा अर्थ लावला. राज्यकर्त्यांना खूश करण्यासाठी एवढे धाडस करण्याची कोणालाच गरज नव्हती.

या विचारांची किंमत त्यांना भाष्याच्या आधीपासूनच मोजावी लागत होती. अलीगढच्या विद्यालयाची तयारी चालू असतानाच त्यांच्याविरुद्ध फतवे निघू लागले. देशातील मौलवींनी सह्या दिल्या, मक्केहूनही निवाडा आणला गेला. अश्रद्धांवर तलवार उपसू नये असे सांगणाराच अश्रद्ध ठरला. विद्यालय जगावे म्हणून सय्यद अहमदांनी माघार घेतली. तेथील धर्मशिक्षण त्यांनी परंपरानिष्ठ पंडितांच्या हाती सोपविले आणि आपले विचार शिकविले जाणार नाहीत अशी ग्वाही दिली.

ही तडजोड व्यवहार्य होती, यात शंका नाही. १८७५ साली लावलेल्या त्या रोपाचे १९२० साली विद्यापीठ झाले. परंतु ज्या प्रश्नासाठी त्यांनी शिव्याशाप सोसले, तो त्यांच्या स्वतःच्या संस्थेच्या उंबरठ्याबाहेर राहिला. शिवाय १८८७ नंतर काँग्रेसला कडवा विरोध करून आणि हिंदू व मुसलमान ही दोन निराळी राष्ट्रे असल्याच्या भाषेत बोलून त्यांनी धार्मिक उदारतेशी विसंगत असे राजकारण केले, हा दोष झाकण्याचे कारण नाही.

२७ मार्च १८९८ रोजी ते निवर्तले, तेव्हा भाष्य अपुरेच होते. इंग्रजी राज्य गेले आणि हंटरचा प्रश्नही त्याबरोबर गेला. परंतु वचनाचा अर्थ संदर्भाने लावावयाचा की अक्षराने, आणि दुसऱ्यास काफिर ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हे प्रश्न मात्र अद्याप शिल्लक आहेत. धर्मविचाराला वर्गाबाहेर ठेवून विद्यालय वाचविता येते, पण त्याने वाद मिटत नाही. सय्यद अहमदांच्या यशाइतकाच त्यांच्या माघारीचाही हा धडा आहे.