हिऱ्यांचा जाणता राखणदार : सेरेत्से खामा

परकीय भांडवल म्हटले की कोणाला सावकारी पाश आठवतो, तर कोणाला कल्पवृक्ष. बोट्स्वानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा यांनी या दोहोंमधली वाट शोधली.

१९२१ साली सेरोवे येथे बामांग्वाटो जमातीच्या राजघराण्यात त्यांचा जन्म झाला. इंग्लंडात शिकत असताना १९४८ मध्ये त्यांनी रूथ विल्यम्स या गोऱ्या तरुणीशी विवाह केला. वर्णद्वेष्ट्या दक्षिण आफ्रिकेला तो रुचला नाही आणि तिला दुखवू न इच्छिणाऱ्या ब्रिटिशांनी खामांना हद्दपार केले. गादीवरचा हक्क सोडून १९५६ मध्ये ते मायदेशी परतले.

१९६६ मध्ये स्वतंत्र झालेला बोट्स्वाना अत्यंत दरिद्री होता. पुढच्याच वर्षी ओरापा येथे हिरे सापडले, तेही खामांच्याच जमातीच्या मुलखात! परंतु खनिजे राष्ट्राच्या मालकीची, हा नियम त्यांनी स्वकीयांनाही लावला.

खाणीसाठी लागणारा पैसा व तंत्रज्ञान डी बिअर्स कंपनीपाशी होते. १९६९ मध्ये संयुक्त कंपनी निघाली. तीत सरकारचा वाटा अवघा १५ टक्के होता. खामांनी कंपनीला हाकलले नाही, की तिच्यापुढे मानही तुकवली नाही. खाण चालू झाल्यावर पुन्हा वाटाघाटी करून १९७५ मध्ये त्यांनी हा वाटा ५० टक्क्यांवर नेला. कंपनी टिकली, तिचा व्यवसायही वाढला. आणि देशात रस्ते, शाळा, दवाखाने उभे राहिले.

१३ जुलै १९८० रोजी खामा निवर्तले. पाहुण्याला घरात घ्यावे, पण किल्ल्या आपल्याच कमरेला असाव्यात, हाच त्यांच्या चरित्राचा धडा होय.