लॉडर ब्रंटन : हृदयशूळावरील औषध आणि हैदराबादचा धडा

छातीत कळ उठताच जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी आज हृदयविकाराच्या अनेक रुग्णांच्या खिशात असते. या औषधकुळाचा हृदयशूळावर पहिला यशस्वी उपयोग सर थॉमस लॉडर ब्रंटन यांनी केला.

ब्रंटन यांचा जन्म १८४४ मध्ये स्कॉटलंडमध्ये झाला. एडिंबरा येथे वैद्यक शिकताना त्यांनी डिजिटॅलिसवर प्रबंध लिहिला आणि त्यासाठी ते औषध स्वतःही घेऊन पाहिले. १८६७ मध्ये एडिंबराच्या रुग्णालयात निवासी डॉक्टर असताना, रोज रात्री हृदयशूळाने तळमळणारा एक रुग्ण त्यांच्या देखरेखीखाली होता. ब्रँडी, बचनाग, डिजिटॅलिस यांपैकी कशानेच त्याला उतार पडेना. थोडे रक्त काढले, तर मात्र आराम पडे. नाडीचे आलेख घेतल्यावर, कळ येताना रक्तवाहिन्यांतील दाब वाढतो, असे ब्रंटन यांना आढळले. मग हा दाब उतरवणारे अमिल नायट्राइट त्यांनी कापडावर थेंब टाकून हुंगवले. मिनिटभरात कळ थांबली. त्या वेळी ते अवघे तेवीस वर्षांचे होते.

पुढे लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात त्यांनी नाव मिळवले. १८८५ मध्ये औषधशास्त्रावरील त्यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

१८८९ मध्ये ते हैदराबादला आले. क्लोरोफॉर्मने आधी हृदय बंद पडते की श्वास, हा वाद तेव्हा पेटला होता. रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी श्वासाच्या बाजूचे होते. निजामाच्या एक हजार पौंडांच्या देणगीतून 'लॅन्सेट'ने ब्रंटन यांना परीक्षणासाठी धाडले. येताना त्यांचे मत लॉरींच्या विरुद्ध होते. मात्र शेकडो प्राण्यांवर रक्तदाब मोजत प्रयोग झाले, तेव्हा श्वासच आधी थांबताना दिसला. ब्रंटन यांनी आपले मत बदलले आणि तसे तारेने लंडनला कळवले.

तरीही तो निष्कर्ष अपुरा ठरला. हलक्या गुंगीत अॅड्रेनॅलिन वाढले, तर हृदय एकाएकी बंद पडू शकते, हे १९११ मध्ये लेव्ही यांनी मांजरांवरील प्रयोगांतून दाखवून दिले. हैदराबादची मोजमापे खोटी नव्हती. पण सगळ्या रुग्णांची परिस्थिती त्यांत आली नव्हती. मध्यंतरीच्या काळात केवळ श्वासाकडे लक्ष द्या, नाडीची चिंता नको, ही शिकवण मात्र रुजून गेली होती.

१९०२ मध्ये ब्रंटन यांनी हृदयाची अरुंद झालेली झडप शस्त्रक्रियेने मोकळी करण्याची कल्पना मांडली. समकालीनांनी तिच्यावर टीका केली. १९२० च्या दशकात ती प्रत्यक्षात आली. १६ सप्टेंबर १९१६ रोजी ब्रंटन यांचे निधन झाले.

आज हृदयविकाराच्या झटक्यानंतर बीटा ब्लॉकर द्यावे, एस इनहिबिटर द्यावे की दोन्ही, हे केवळ रक्तदाब किती उतरला यावरून ठरत नाही. हृदयाची ताकद किती उरली आहे आणि तशा रुग्णांपैकी किती जण वाचले, हेही पाहावे लागते. ब्रंटन यांच्या यशाचा आणि चुकीचाही अर्थ हाच आहे.