काडेपेटीच्या कारखान्यातली दातदुखी आणि ॲनी बेझंट

मुंबईत वरळीला गेलेल्या माणसाला डॉ. ॲनी बेझंट रोड सांगावा लागत नाही. शाळेच्या इतिहासातही त्या भेटतात. लोकमान्य टिळकांनी एप्रिल १९१६ मध्ये होमरूल लीग काढली, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बेझंटबाईंनी आपली वेगळी लीग काढली, १९१७ साली त्या काँग्रेसच्या अध्यक्षा झाल्या, एवढं आपण पाठ केलेलं असतं. पण या बाई भारतात आल्या १८९३ साली, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी. त्याच्या पाच वर्षं आधी त्यांचं नाव लंडनमध्ये गाजत होतं ते काडेपेटीच्या कारखान्यामुळे. आणि त्या कारखान्यात मुली ज्या आजाराला सर्वात जास्त घाबरत, त्याची सुरुवात साध्या दातदुखीने व्हायची.

ॲनी वुड यांचा जन्म १ ऑक्टोबर १८४७ चा, लंडनचा. वडील लहानपणीच गेले. विसाव्या वर्षी फ्रँक बेझंट नावाच्या पाद्र्याशी लग्न झालं, दोन मुलं झाली, पण बाईंची देवावरची श्रद्धाच उडाली. पाद्र्याच्या घरात हे चालणार कसं? १८७३ मध्ये दोघं वेगळे झाले. पुढे चार्ल्स ब्रॅडलॉ यांच्यासोबत त्यांनी संततिनियमनावरची एक पुस्तिका छापली. १८७७ मध्ये त्यावर खटला झाला. शिक्षा तांत्रिक मुद्द्यावर रद्द झाली, पण पुढच्याच वर्षी असली पुस्तिका छापणारी बाई आई म्हणून योग्य नाही असं ठरवून कोर्टाने त्यांची मुलगी मेबल त्यांच्यापासून काढून घेतली. लिहिण्याची किंमत काय असते हे बाईंना चांगलंच ठाऊक होतं.

१८८५ मध्ये त्या समाजवादी विचारांच्या फेबियन सोसायटीत गेल्या. १५ जून १८८८ ला या सोसायटीच्या एका सभेत कामकरी स्त्रियांचा विषय निघाला आणि ब्रायंट अँड मे या काडेपेटी कंपनीचं नाव आलं. भागधारकांना वीस टक्क्यांच्या वर लाभांश देणारी ही कंपनी मुलींना मात्र आठवड्याला मोजके शिलिंग टेकवते, असं तिथे सांगितलं गेलं. बेझंटबाई ऐकीव माहितीवर थांबल्या नाहीत. कारखाना सुटायच्या वेळी त्या फाटकाबाहेर उभ्या राहिल्या आणि मुलींशी बोलल्या.

आठ दिवसांत, २३ जूनला, ‘द लिंक’ या त्यांच्या अर्ध्या पेनीच्या साप्ताहिकात लेख आला. लंडनमधली ही गुलामगिरीच आहे, असा त्याचा सूर होता. उन्हाळ्यात सकाळी साडेसहाला कामावर उभं राहायचं ते संध्याकाळी सहापर्यंत. सोळा वर्षांच्या मुलीला आठवड्याला चार शिलिंग, आणि त्यातूनही दंड कापायचे. पाय मळके दिसले, तीन पेन्स. यायला उशीर झाला, पाच पेन्स. कामात बोललं, तरी दंड. लेखाचा भर असा पैशांवर होता.

दातांची गोष्ट मात्र कारखान्याच्या आत रोज घडत होती. त्या काळी कुठेही घासली की पेटणारी काडी पांढऱ्या फॉस्फरसपासून बनवत. डिंक किंवा सरसासोबत त्याची गरम लगदी करायची, त्यात काड्यांची टोकं बुडवायची, वाळवायची आणि पेट्यांत भरायची. पांढऱ्या फॉस्फरसची वाफ सतत निघत राहते. ती नाकातोंडात जायची आणि त्याचे कण हातांवर, कपड्यांवर बसायचे. जेवायला वेगळी जागा नव्हती. मुली घरून आणलेला पाव कामाच्या जागेवरच, त्याच हातांनी खायच्या.

दात धड असलेल्यांना सहसा काही होत नसे. पण किडका दात असला की त्या भोकातून फॉस्फरस थेट हाडापर्यंत पोचतो, असं तेव्हाचे डॉक्टर सांगत. आणि गरिबीत वाढलेल्या, दाताच्या डॉक्टरचं तोंडही न पाहिलेल्या या मुलींमध्ये धड दात किती जणींचे असणार? आधी दात ठणकायचा, मग हिरडी सुजायची, पू व्हायचा, आणि शेवटी जबड्याचं हाडच मरू लागायचं. काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी. गालाला भोक पडून पू वाहायचा, त्याला इतकी दुर्गंधी यायची की घरची माणसंसुद्धा जवळ बसत नसत. उपाय एकच, सडलेला जबडा कापून काढणं. इंग्रजीत याला ‘फॉसी जॉ’ म्हणत. व्हिएन्नामध्ये डॉक्टरांनी १८४० च्या दशकातच त्याची नोंद केली होती, म्हणजे १८८८ मध्ये कुणाला हा आजार माहितीच नव्हता असं म्हणायची सोय नाही. (आजही ठिसूळ हाडांसाठी किंवा कॅन्सरमध्ये दिली जाणारी काही औषधं घेणाऱ्यांना दात काढल्यावर जबड्याचा असाच त्रास होऊ शकतो. ती औषधंही फॉस्फरसच्याच संयुगांची असतात. दात काढण्याआधी डॉक्टर कोणती औषधं चालू आहेत हे विचारतात, त्याचं हे एक कारण.)

कंपनीचा इलाज काय होता? मुलीने दात दुखतो म्हटलं की तो लगेच उपटून घ्यायचा, नाहीतर नोकरी सोडायची. त्यामुळे पोरी दुखणं लपवायच्या. दुखणं लपलं की आजार हाडात मुरायचा आणि कंपनीच्या वहीत त्याची नोंदही व्हायची नाही.

लेख आल्यावर कंपनीने बेझंटबाईंना अब्रुनुकसानीच्या दाव्याची धमकी दिली. त्याच वेळी आम्ही खुशीत आहोत असा कागद मुलींपुढे सहीसाठी ठेवला. मुलींनी सही केली नाही. एकीला कामावरून काढलं आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात सुमारे १,४०० जणी बाहेर पडल्या. शे-दोनशे मुली थेट बेझंटबाईंच्या कचेरीवर धडकल्या. खरं तर बाईंनी लोकांना या कंपनीच्या काड्या घेऊ नका असं सांगितलं होतं, संप करा असं नाही. इतक्या मुलींच्या पोटाचं काय, या विचाराने त्या धास्तावल्याच. म्हणजे संप बेझंट यांनी घडवला हे पुस्तकी वाक्य तितकंसं बरोबर नाही. तो सारा चॅपमनसारख्या कामगार मुलींनी घडवला. बाईंनी मग त्याला लागणारं सगळं दिलं: निधी गोळा केला, तो वाटला, वर्तमानपत्रांत लिहिलं, मुलींचं शिष्टमंडळ खासदारांपुढे नेलं.

दोन आठवड्यांच्या आत कंपनी नमली. दंड बंद झाले. संघटना झाली आणि बेझंट तिच्या पहिल्या सचिव झाल्या. मागण्यांमध्ये आणखी एक कलम होतं, दिसायला किरकोळ: जेवायला वेगळी खोली. दातांपर्यंत पोचणारं विष पावासोबत तोंडात जाऊ नये, यासाठी त्या संपातून मिळालेली ठोस गोष्ट ती हीच.

पांढरा फॉस्फरस मात्र गेला नाही. लाल फॉस्फरसची सुरक्षित काडी तेव्हा उपलब्ध होती. एवढंच नाही, तिचं ब्रिटनमधलं पेटंट १८५५ पासून याच कंपनीकडे होतं. पण कुठेही पेटणारी काडी स्वस्त पडायची आणि खपायची. १८९५ च्या कायद्याने फॉस्फरसच्या विषबाधेची खबर सरकारला देणं सक्तीचं झालं. १८९८ मध्ये याच कंपनीने सतरा रुग्ण दडवल्याचं उघड झालं. त्यातले सहा मेले होते. दंड झाला २५ पौंड ९ शिलिंग. मग सरकारने नेमलेल्या तज्ज्ञांत एक दाताचे डॉक्टरही होते, जॉर्ज कनिंगहॅम. त्यांचा अहवाल १८९९ मध्ये आला. कंपनीने १९०१ मध्ये पांढरा फॉस्फरस सोडला आणि ब्रिटनमध्ये त्याच्यावर पूर्ण बंदी यायला १९१० उजाडलं.

तोपर्यंत बेझंट त्या जगातून खूप दूर गेल्या होत्या. संपाच्याच वर्षी त्या लंडनच्या स्कूल बोर्डावर निवडून आल्या आणि गरीब मुलांच्या शाळेतल्या जेवणासाठी भांडल्या. १८८९ मध्ये थिऑसॉफीकडे वळल्या, भारतात आल्या, १८९८ मध्ये बनारसला सेंट्रल हिंदू कॉलेज काढलं. १९०७ पासून त्या थिऑसॉफिकल सोसायटीच्या अध्यक्षा होत्या, मुक्काम मद्रासजवळ अड्यारला. भारतात पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यांवर बंदी घालणारा कायदा १९१३ मध्ये झाला, तेव्हा त्या इथेच होत्या. २० सप्टेंबर १९३३ ला अड्यारलाच त्या गेल्या.

१९१७ मध्ये सरकारने त्यांना स्थानबद्ध केलं, तेव्हा सोबत त्यांचे सहकारी, मुंबईचे पारशी बहमन पेस्तनजी वाडिया होते. सुटकेनंतर, १९१८ मध्ये, वाडियांनी मद्रास लेबर युनियन स्थापन केली. कापड गिरणीतल्या या कामगारांच्या सुरुवातीच्या मागण्यांपैकी एक होती, दुपारी जेवायला मिळणारा वेळ वाढवून द्या.