सरकार नाही म्हणालं, तरी या डॉक्टर बाईंनी कॅन्सरचं हॉस्पिटल उभं केलंच

2022 साली भारतात कॅन्सरने 9 लाखांहून जास्त माणसं गेल्याचा अंदाज आहे. 2025 च्या बजेटमध्ये सरकारने जिल्हा रुग्णालयांत कॅन्सर डे-केअर सेंटर काढण्याची घोषणा केली. पण एक काळ असा होता, की कॅन्सरवर पैसा कशाला घालवायचा, असंच सरकारचं म्हणणं होतं.

ही गोष्ट त्या काळातली. डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांची.

जन्म 1886 चा, पुदुकोट्टई संस्थानातला. आई देवदासी समाजातली. मुलांच्या कॉलेजात शिकून मुथुलक्ष्मी मद्रास मेडिकल कॉलेजातून 1912 मध्ये डॉक्टर झाल्या. 1927 मध्ये मद्रास विधान परिषदेत गेल्या, तिच्या उपाध्यक्ष झाल्या. देवदासी प्रथेविरोधातल्या लढ्यामुळे आज त्यांचं नाव जास्त घेतलं जातं.

पण त्यांच्या मनाला लागलेली गोष्ट वेगळीच होती. 1923 मध्ये त्यांची धाकटी बहीण कॅन्सरने गेली. मुथुलक्ष्मी डॉक्टर, नवराही डॉक्टर, तरी बहीण हातची गेली. पुढे लंडनला शिकायला गेल्यावर त्यांनी तिथलं कॅन्सर हॉस्पिटल जवळून पाहिलं. असं काहीतरी मद्रासमध्ये हवं, हे तेव्हाच पक्कं झालं.

आता हे होणार कसं? 1941 मध्ये मुंबईत परळला टाटा मेमोरियल सुरू झालं, पण मद्रासच्या गरीब पेशंटला मुंबई परवडणार कशी? मुथुलक्ष्मींनी सरकारकडे मागणी केली. सरकारदरबारी उत्तर मिळालं, की कॅन्सरचा पेशंट तसाही मरतोच, मग हॉस्पिटल कशाला?

त्या काळी उपचार खरंच तोकडे होते, त्यामुळे हा युक्तिवाद अनेकांना पटायचाही. पण पेशंट उशिरा येतो म्हणून वाचत नाही आणि जवळ हॉस्पिटल नाही म्हणून उशिरा येतो, हे चक्र कुणीतरी तोडायला हवं होतं.

मग त्यांनी बायकांच्या संघटनेमार्फत लोकांकडून वर्गणी गोळा केली. 1952 मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते अड्यारला पायाभरणी झाली. 1954 मध्ये हॉस्पिटल सुरू झालं, तेव्हा खाटा होत्या फक्त 12. मुथुलक्ष्मी सत्तरीला आल्या होत्या. मुलगा डॉ. कृष्णमूर्ती मदतीला होता, पुढच्याच वर्षी डॉ. व्ही. शांता ही तरुण डॉक्टर येऊन मिळाली.

1968 मध्ये मुथुलक्ष्मी गेल्या. केंद्र सरकारचा राष्ट्रीय कॅन्सर नियंत्रण कार्यक्रम त्यानंतर सात वर्षांनी, 1975 मध्ये आला.