'मजूर पत्रिके'चे संपादक किसन फागूजी बनसोडे

नागपूरच्या चळवळीचा विषय निघाला की आपल्या लोकांच्या तोंडी 1956 ची दीक्षाभूमी येते, आणि ते रास्तच आहे. पण ही जमीन ज्यांनी आधी नांगरली त्यांची नावे आमच्या पोरांना माहीत नाहीत. त्यातले एक किसन फागूजी बनसोडे.

जन्म 1879 चा, नागपूर जिल्ह्यातल्या मोहपा गावी, महार कुटुंबात. 1907 साली त्यांनी नागपुरात चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. मुलींची बरं का, तेही त्या काळात! पुढे स्वतःचा छापखाना घातला, कारण आपले गाऱ्हाणे दुसऱ्याच्या वर्तमानपत्रात कोण छापणार? 1910 ला 'निराश्रित हिंद नागरिक', 1913 ला 'विटाळ विध्वंसक' आणि 1918 ला 'मजूर पत्रिका'. पत्नी तुळसाबाईही या कामात त्यांच्या बरोबरीने राबल्या.

ही तीन नावे ओळीने वाचा. आधी नागरिक, मग विटाळ, मग मजूर. यात आम्हाला एक सरळ वाट दिसते. 1877 साली टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली आणि खेड्यातले आपले लोकं पोटासाठी तिथे गेले. गावकी सुटली, पण जात काही फाटकाबाहेर राहिली नाही. मुंबईच्या गिरण्यांत तर अस्पृश्याला विणकाम खात्यात घेतच नसत. का, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, त्याचा म्हणे विटाळ! आणि पगार त्याच खात्यात जास्त. म्हणजे विटाळ हा देवळापुरता नव्हता, तो हप्त्याच्या पैशातही होता. आम्ही हिंगणघाटचे मिल कामगार, आम्हाला हे फोड करून सांगावे लागत नाही.

आयटक ही देशातली मोठी कामगार संघटना 1920 च्या ऑक्टोबरात जन्मली. त्याच्या दोन वर्षे आधी नागपुरातून एक महार संपादक मजुरांचे पत्र काढत होता. वाचक हातावर पोट असलेला, त्यात ते 1922 पर्यंत टिकवले. याच काळात, 1920 च्या मे महिन्यात, शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय बहिष्कृत परिषद नागपुरात भरली, बाबासाहेबही आले. गावपातळीवरचे दुखणे देशाच्या राजकारणात पोचले ते असे. वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर 1928 ला उघडल्याचे गोडवे आपल्याकडे फार गातात. त्याआधीची ही अठरा वर्षांची छापखान्यातली मेहनत कुणी सांगत नाही.

1935 ला बाबासाहेबांनी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली. बनसोडे मात्र चोखामेळ्याला धरून राहिले, त्या नावाचे पत्रही त्यांनी चालवले. मग विहाराच्या स्मरणिकेत त्यांचे नाव कशाला, असे काही उपासक म्हणतील. आम्हाला तसे वाटत नाही. ज्यांच्या हाती त्यांनी पत्र दिले, त्यांचीच लेकरे पुढे बाबासाहेबांच्या मागे उभी राहिली.

1946 साली ते गेले. दहा वर्षांनी दीक्षेचा सोहळा त्यांच्याच नागपुरात झाला.