खापर आणि खराटा

दरवर्षी २३ फेब्रुवारीला आमच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या पथकाला खराटे मिळतात. गेल्या वर्षीही मिळाले. खापरखेड्याच्या बाजाराचा रस्ता आम्ही तीन तासांत लख्ख केला, छायाचित्रे काढली, चहा-पोहे घेतले आणि पांगलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच रस्त्याने दूध आणायला निघालो, तर दुकानांच्या फळ्यांवर आणि उभ्या मोटारसायकलींच्या बैठकीवर नेहमीचा करडा थर बसलेला. बोट फिरवले तर रेघ उमटावी इतका. ही धूळ कोळशाच्या ट्रकांची, उखडलेल्या रस्त्याची की चिमणीची, हे मला सांगता येणार नाही. आमच्याकडे तिला सरसकट राखच म्हणतात. आदल्या दिवशीच्या आमच्या खराट्याचे मला हसू आले आणि लगेच लाजही वाटली. ज्यांच्या नावाने तो हाती घेतला, त्या गाडगेबाबांविषयी मला माहीत तरी काय होते? भिंतीवरची तसबीर आणि शाळेतल्या भाषणासाठी पाठ केलेल्या दहा ओळी. मग ग्रंथालयातून प्रबोधनकार ठाकरे यांनी बाबांच्या हयातीतच, १९५२ साली लिहिलेले चरित्र आणले. पुढे आणखीही काही वाचले.

डेबूजी झिंगराजी जाणोरकर हे त्यांचे मूळ नाव. जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावचा. घर परिटाचे, म्हणजे दुसऱ्याचा मळ धुण्याचे काम वाडवडिलांपासून आलेले. बाप दारूपायी गेला. आई सखुबाई लहानग्या डेबूला घेऊन मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला माहेरी आली. शाळा नशिबात नव्हती. गुरे राखावीत, नदीत पोहावे, मोटेवर गाणी म्हणावीत आणि मामाच्या शेतात बैलाच्या बरोबरीने राबावे, असे त्याचे बालपण गेले.

इथे मला थोडे थांबायचे आहे, कारण आपल्या जयंतीच्या भाषणांत हा भाग हमखास गळतो. मामा चंद्रभान भोळा माणूस. सावकाराच्या कागदावर तो अंगठे उठवत गेला आणि एक दिवस कसदार जमीन सावकाराच्या घशात गेली. मामा त्या धक्क्याने खचून गेला, पण डेबू खचला नाही. शेत आपण कसले आहे, घेतलेले फेडलेही आहे, मग ताबा कशाचा, असा त्याचा साधा हिशेब होता. सावकार माणसे घेऊन बांधावर आला, तेव्हा हा निरक्षर तरुण शेत सोडून हलला नाही आणि अंगावर येणाऱ्यांना त्याने पिटाळून लावले. शेवटी सावकाराला नमते घ्यावे लागले, असे चरित्रकार सांगतात. तसबिरीतला शांत म्हातारा तरुणपणी असा होता.

१८९२ साली कुंताबाईंशी त्यांचे लग्न झाले. पहिल्या मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मटण आणि दारू हवी होती. डेबूजींनी पंगतीला गोडाचे वाढले. भाऊबंद चिडले, पण ते मागे हटले नाहीत. ज्या दारूने बाप नेला तिला घरच्या मंगल कार्यात बसायला पाट द्यायचा नाही, असे त्यांनी ठरवून टाकले होते.

आणि मग १ फेब्रुवारी १९०५ रोजी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, ते घर सोडून निघून गेले. मागे म्हातारी आई, बायको, मुले. या प्रसंगाचे कौतुक करणे मला सोपे जात नाही. कुंताबाईंनी पुढची वर्षे कशी काढली याचा हिशेब चरित्रांतून फार थोडा सापडतो. एवढे मात्र खरे, की बाबांनी नंतर उभारलेल्या लाखोंच्या इमारतींतली एक खोलीही आपल्या कुटुंबाच्या नावे केली नाही.

अंगावर चिंध्यांची गोधडी, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच, हातात खराटा आणि सोबत मातीचे फुटके गाडगे. त्यात मागून आणलेली भाकर खायची, पाणी प्यायचे आणि उन्हात तेच डोक्यावर पालथे घालायचे. कोणी त्यांना चिंधेबुवा म्हणे, कोणी गोधडे महाराज. गाडगेबाबा हे नाव टिकले. (आमच्या गावाच्या नावातही खापर आहे. त्याची व्युत्पत्ती मी सांगत बसत नाही, पण डोक्यावर खापर घेतलेला माणूस वाचताना मला तो गावचाच वाटला, हे कबूल करतो.)

त्यांची रीत ठरलेली होती. गावात शिरायचे आणि कुणाशी न बोलता वेशीपासून झाडायला लागायचे. गटारे मोकळी करायची, उकिरडे उचलायचे. आधी पोरे गोळा होत, मग बाया, मग ओशाळलेले पुरुष घमेली-फावडी घेऊन येत. संध्याकाळपर्यंत गाव ओळखू येईनासे होई. रात्री त्याच झाडलेल्या जागेवर कीर्तन. त्यात पोथीतली कोडी नसत. बाबा अस्सल वऱ्हाडीत श्रोत्यांनाच प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घेत. नवसाला बोकड का कापता, कर्ज काढून लग्न का करता, पोराला शाळेत का घालत नाही, माणसाचा विटाळ का मानता, असे ते प्रश्न. कीर्तन संपले की कुणी पाया पडायच्या आत बाबा पुढच्या गावाच्या वाटेला लागत.

पूर्णा नदीकाठच्या ऋणमोचनला पौष महिन्यात यात्रा भरते. चिखलाच्या दरडीवरून घसरत लोक पाण्यात उतरत, ओली माणसे घसरत वर येत. बाबांनी तिथे आधी स्वतः दरड खणून पायऱ्या पाडल्या आणि पुढे पक्का घाट उभा राहिला. पंढरपूरला अस्पृश्य वारकऱ्यांना निवारा मिळत नसे, म्हणून १९१७ साली चोखामेळा धर्मशाळेचे काम हाती घेतले. ती इमारत त्यांनी १९४९ साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. नाशिक, आळंदी, देहू इथल्या धर्मशाळा, आश्रमशाळा, अंध-अपंगांची सदावर्ते यांची यादी मोठी आहे, ती मी इथे देत नाही. १९२३ साली कोकणात खारेपाटणला असताना एकुलता मुलगा गोविंद गेल्याची बातमी आली, आणि बाबांनी कीर्तन थांबवले नाही. हा प्रसंग मी दोनदा वाचला. दोन्ही वेळा पुस्तक मिटून बाहेर गेलो.

१९५२ साली त्यांच्या कार्यासाठी गाडगे महाराज मिशन स्थापन झाले. डॉ. आंबेडकर ६ डिसेंबर १९५६ रोजी गेले. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, २० डिसेंबरला, अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ पेढी नदीच्या पुलाशी बाबांनी देह ठेवला.

आता पुन्हा खापरखेडा. इथल्या वीजकेंद्रात २१० मेगावॉटचे चार आणि ५०० मेगावॉटचा एक, असे एकूण १३४० मेगावॉटचे संच. आपल्याकडच्या दगडी कोळशात साधारण तीस ते पंचेचाळीस टक्के राख निघते. तेव्हा चार ट्रक कोळसा जळला की ट्रक-दीड ट्रक राख कुठेतरी ठेवावी लागणार, हे गणित कलाशाखेच्या विद्यार्थ्यालाही जमते. शेजारी कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राखबंधारा १६ जुलै २०२२ रोजी अतिवृष्टीत फुटला आणि राखेचे पाणी शेताशिवारात पसरले. ही राख खराट्याने निघणारी नाही. बाबा ज्या उकिरड्यांशी झुंजले ते गावाने स्वतः केलेले होते, म्हणून खराटा पुरला. घाण जेव्हा गावाची नसते, तेव्हा मला डेबूजीच आठवतो, शेताच्या बांधावर उभा राहून हिशेब मागणारा.

आणि हिशेब मागायची सोय आज कायद्यातच आहे, हे मला फार उशिरा कळले. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे मोठ्या प्रकल्पाआधी जनसुनावणी घ्यावी लागते. निदान तीस दिवस आधी वर्तमानपत्रात सूचना येते, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत ठेवावा लागतो आणि हजर असलेला कोणीही उभा राहून प्रश्न विचारू शकतो. शिवाय २००५ चा माहिती अधिकार आहेच. कोराडीच्या ६६० मेगावॉटच्या दोन नव्या संचांसाठी २९ मे २०२३ रोजी अशी सुनावणी झाली. आमच्या घरापासून कोराडी काही दूर नाही आणि मला सुटी होती. मी गेलो नाही. वडील ठेकेदाराकडे फिटर आहेत. आमची चूल कोळशाच्याच जिवावर पेटते. नको जाऊस, एवढेच ते बोलले, आणि मला ते सोयीचेही वाटले. वीज नको असे म्हणायचे नव्हतेच. राख कुठे जाणार, एवढे विचारायचे होते.

राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात सदतीस विद्यापीठांत सुरू झाली. दोन वर्षांत आपल्याला २४० तास द्यायचे असतात, शिवाय सात दिवसांचे शिबिर. पर्यावरण अभ्यासाचा प्रकल्पही प्रत्येकाला करावा लागतो, आणि तो आपल्यापैकी बहुतेक जण एकमेकांच्या वहीतून उतरवतात. (मीही पहिल्या वर्षी तेच केले. प्राध्यापक महोदयांनी हे वाक्य वाचले नसावे अशी आशा आहे.) हे सगळे तास आपण झाडण्यात आणि झाडे लावण्यात घालवतो. त्यात वाईट काही नाही. बाबाही आधी झाडतच होते. पण रात्रीचे कीर्तन, म्हणजे प्रश्न विचारण्याचा भाग, आपण सोडून दिला आहे.

यंदाच्या शिबिरासाठी मी सरांपुढे एक गोष्ट मांडली आणि त्यांनी ती मान्य केली. सकाळी खराटा चालू राहील. दुपारी मात्र दोघादोघांच्या जोड्या गल्ल्या वाटून घेतील. दहा घरांच्या गच्च्यांवर स्टीलची एकेक ताटली ठेवायची, चोवीस तासांनी तिच्यातली धूळ कागदावर झटकून सोनाराच्या काट्यावर तोलायची आणि वहीत मांडायची. तारीख, गल्ली, वारा कुठला, ट्रक किती गेले. सात दिवसांच्या नोंदीने काही सिद्ध होणार नाही, हे सरांनी आधीच बजावले आहे, म्हणून शिबिरानंतरही ताटल्या वर्षभर ठेवायच्या आहेत. पुढची सुनावणी कधी लागेल ते वर्तमानपत्रात येईलच.

पहिली ताटली आमच्या गच्चीवर आहे. ती ठेवायला शिडी वडिलांनीच धरली.