पेशीतील सूत पाहणारा शास्त्रज्ञ

वाराणसीचा विणकर शालू विणण्यापूर्वी मागावर उभे धागे ताणून घेतो. अशा धाग्याला प्राचीन ग्रीक भाषेत 'मितोस' म्हणत. याच शब्दावरून पेशीविभाजनाच्या एका प्रकाराला 'मायटॉसिस' हे नाव मिळाले. मराठीत त्यास 'सूत्री विभाजन' म्हणतात. हे ग्रीक नाव वाल्थर फ्लेमिंग यांनी दिले. पेनिसिलिनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग ते हे नव्हेत.

वाल्थर फ्लेमिंग यांचा जन्म २१ एप्रिल १८४३ रोजी जर्मनीतील श्वेरीन शहराजवळ झाला. त्यांचे वडील मनोरुग्णांवर उपचार करणारे डॉक्टर होते. वाल्थर यांनीही वैद्यकशास्त्राचे शिक्षण घेतले आणि १८७० च्या युद्धात लष्करी डॉक्टर म्हणून काम केले. १८७६ मध्ये ते कील विद्यापीठात प्राध्यापक झाले.

पेशीपासूनच पेशी निर्माण होते, हे तोवर मान्य झाले होते. मात्र त्या वेळी पेशीच्या केंद्रकाचे काय होते, हे स्पष्ट नव्हते. पेशी पारदर्शक असल्याने आतील भाग सूक्ष्मदर्शकातून नीट दिसत नसे. फ्लेमिंग यांनी सॅलॅमँडर या उभयचर प्राण्याच्या पिल्लांच्या मोठ्या पेशी निवडल्या व त्यांना कृत्रिम रंग दिले. केंद्रकातील एका द्रव्याने रंग धरला आणि त्याचे बारीक धागे दिसू लागले.

रंग देताना पेशी मरत असे. त्यामुळे प्रत्येक वेळी विभाजनाचा एकच क्षण हाती येई. फ्लेमिंग यांनी अशा असंख्य पेशींची चित्रे काढली, जिवंत पेशींशी ती ताडून पाहिली आणि त्यांचा क्रम लावला. प्रत्येक धागा उभा चिरला जातो व त्याचे दोन भाग दोन नव्या पेशींत जातात, हे त्यांनी दाखवले. १८८२ मध्ये त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

संशोधनात मग्न असूनही ते गरीब मुलांना गणित व विज्ञान शिकवत.

आनुवंशिकतेचे नियम मेंडेल यांनी १८६६ मध्येच प्रसिद्ध केले होते. परंतु ते १९०० पर्यंत दुर्लक्षित राहिले. त्यामुळे आपल्या धाग्यांचा आनुवंशिकतेशी असलेला संबंध फ्लेमिंग यांना जोडता आला नाही. ४ ऑगस्ट १९०५ रोजी त्यांचे निधन झाले.

त्या धाग्यांना आज आपण गुणसूत्रे म्हणतो. पुढे वाराणसीच्याच बनारस हिंदू विश्वविद्यालयात प्राध्यापक एस. पी. रायचौधरी यांनी गुणसूत्रांच्या अभ्यासाची परंपरा रुजवली. विणकरांच्या नगरीत पेशीतील सुताचाही अभ्यास होऊ लागला.